चिंचेत भिजलेला सेनापती

डिशमध्ये शिशाचे पाच शिक्के होते. चार अखंड, एक कडेला तुटका. सर्वांत जड शिक्का १४.६२ ग्रॅम भरला. त्यावर ग्रीक अक्षरे एकोणीस, त्यांतली वाचता येण्याजोगी अकरा. नावाची ओळ अजून लागायची होती.

शिक्के समोरच्या फ्लॅटमधल्या आर्मेनियन हास्मिकबाईंचे. आपला पूर्वज वहान हजार वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा सेनापती होता आणि हा जड शिक्का त्याच्याच पत्राला लावलेला, असे त्या सांगत. त्यांचा भाऊ यावर जन्मभर हसला. आता तो येरेवानला अंथरुणाला खिळला होता आणि हास्मिकबाईंना ते नाव त्याला एकदा दाखवायचे होते.

"आमची माणसं त्या साम्राज्यात नुसती लढली नाहीत, तख्तावरही बसली," त्या अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणायच्या.

"म्हणजे आमच्या मराठ्यांसारखीच की!" शुभ्राच्या सासूबाई, सुलभाताई, खूश व्हायच्या.

शुभ्रा रसायनशास्त्राची एमएस्सी, म्हणून अक्षरे लावायला शिक्के तिच्याकडे आले होते. लॅबमधून चांगला कॅमेरा आणून उद्या फोटो काढू, असे ठरवून तिने डिश देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि ती कामाला गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा देव्हाऱ्यासमोर पाट मांडलेला होता. सुरी, पाना, गाडीची किल्ली, नवऱ्याचा, तनिषचा लॅपटॉप आणि झेंडूच्या पाकळ्यांत ते पाच शिक्के, लखलखीत. आज खंडेनवमी होती.

"आई, हे कशाने घासलेत?"

"चिंचेने. सकाळीच कोळात टाकले, मग समयांबरोबर काथ्याने खसाखसा. बघ कसे निघाले!"

"अहो, मला विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? सैनिकांचे आहेत म्हणालीस ना? मग शस्त्रपूजेला असे मळकट ठेवायचे?"

"तो मळ नव्हता, आई. शिसं वर्षानुवर्षं गंजतं, त्या थरातच अक्षरं टिकली होती. आंबटात तो थर विरघळतो."

सुलभाताईंनी पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "त्या बाईला भावाला दाखवायचं होतं ना गं?"

तेवढ्यात बेल वाजली. हास्मिकबाई खजुराचा डबा घेऊन आत आल्या. "यल्ला शुभ्रा, चल सांग, सापडला का माझा वहान?" पाटाकडे पाहून त्या हरखल्या. "माझ्या सेनापतीला फुलं वाहिलीत?" मग वाकून त्यांनी जड शिक्का उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला. हसू ओठांवरच राहिले.

"खलास?"

शुभ्राने शिक्क्यावरचे कुंकू पुसले, तो छोट्या काट्यावर ठेवला आणि भिंग घेऊन दोन्ही बाजू तपासल्या.

वजन १३.९७ ग्रॅम. वाचता येण्याजोगी अक्षरे दोन.