गुलाबी अंगठा

बरणीत हात घातला की दात लागतात, याची मला सवय आहे. आमचा धंदाच तो. लोकांच्या तोंडात जे पुन्हा उगवत नाही ते मी आणि माझा थोरला भाऊ मेणात, प्लॅस्टरमध्ये आणि गुलाबी रसायनात उगवून देतो. तयार कवळी सुकली तर आकसते, म्हणून ती पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की बाही सारून हात घालायचा, आणि पाण्यातून कुणाचं तरी हसू वर येतं. नवं माणूस ते बघून तोंड फिरवतं. मला कधी किळस आली नव्हती. परक्याच्या जिभेखालची जागासुद्धा ज्या हातांच्या ओळखीची, त्यांना किळस कुठली.

त्या सकाळी एक गृहस्थ त्यांची कवळी न्यायला आले. दादा बाहेर गेला होता, म्हणून मीच त्याच्या फळीवरच्या बरणीत हात घातला. तिथं माझ्या बोटांना दुसरं एक बोट लागलं.

मऊ होतं. ओलं, गार, आणि आतून पोकळ. बाहेर काढून तळहातावर घेतलं तर अंगठ्याचं टोक. हिरड्यांना टोचू नये म्हणून कवळीच्या आत आम्ही जो मऊ गुलाबी थर देतो, त्याच थराचा केलेला. टोपीसारखा बोटावर चढवता येईल असा. त्यावर रेषा होत्या, बारीक, गोल गोल, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा. आणि त्या रेषा आडव्या कापत गेलेला एक तिरका चरा.

गृहस्थांना कसे दात दिले, काय बोलले, आठवत नाही. ते गेल्यावर मी डोळे मिटले आणि तो चरा कपाळावरून फिरवून बघितला.

मावशीचा अंगठा होता.

मावशी म्हणजे आमची आईच म्हणा. आई गेली तेव्हा दादा नुकता शाळेत जायला लागला होता आणि मला धड बोलता येत नव्हतं. मावशीनं लग्न केलं नाही. "दोन तयार मुलं हातात आली, आता नवऱ्याची भानगड कशाला," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. कपड्यांना काजं करून तिनं आम्हाला वाढवलं आणि त्याच काजांवर दोन खोल्या घेतल्या. एकदा कात्री निसटली आणि उजव्या अंगठ्यावर हा चरा उमटला. आम्हाला ताप आला की तोच अंगठा कपाळावर फिरायचा, खरबरीत आणि उबदार. काजं करता करता ती गुणगुणायची. गाणं तिचंच, रचलेलंही तिनंच:

काजं मी गुंफिली, गुंड्या लाविल्या ओळीत,
दोन गं वासरं माझी निजली झोळीत.

आम्ही मोठे झालो, दादाच्या दाढीत पांढरे केस आले, तरी गाण्यातली वासरं झोळीतच होती.

पण गेले काही दिवस ते गाणं अर्ध्यावर थांबत होतं. पहिली ओळ व्हायची, मग मावशी गप्प. मी म्हटलं, "पुढं?" तर म्हणायची, "जाऊ दे. आता माझा भरवसा नाही."

हे सुरू झालं सरकारी खिडकीपाशी. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी, आपण अजून जिवंत आहोत हे दाखवायला मावशीला वर्षातून एकदा तिथल्या काचेवर अंगठा टेकवावा लागतो. मी तिला घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनानं पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा अंगठा तर परवाच लागलाय. एजंटकडच्या मशीनवर. दोन्ही खोल्या भाच्याच्या नावे करायला संमती दिलीत की. आणखी एकदा अंगठा लागला की काम पक्कं."

"मी?" मावशी म्हणाली.

"मग काय मी? अंगठा कधी दुसऱ्याचा लागतो का?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मावशीही कसंनुसं हसली.

घरी येऊन दादाला विचारलं तर त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तूच नाही का म्हणालीस, एकदाचं मार्गी लावून टाकू? आपण दोघं गेलो होतो गाडीनं. येताना तू केळी घेतलीस. आठवत नाही?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं, मग उठून फळांच्या टोपलीत केळी शोधायला लागली.

"विसरायला लागलीय," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "डॉक्टरांना दाखवू या." किती हळुवार आवाज होता त्याचा. त्या दिवसापासून मावशी गॅस बंद केलाय का हे बघायला तीनतीनदा उठायची. चहा पिऊन झाल्यावर रिकाम्या कपाकडे बघून विचारायची, "हा माझा का गं?" ज्या बाईनं आयुष्यभर एकही काज वाकडं केलं नाही, ती स्वतःच्या डोक्याला चोरासारखी पाळत ठेवून बसली होती.

आता तो अंगठा माझ्या हातात होता. एक क्षण मनाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी केला असेल, दादाच्या बरणीत कुणीतरी आणून टाकला असेल. मन असंच असतं, आपल्या माणसासाठी खोटं बोलायला आपणहून पुढं होतं. पण मी कड बघितली.

कवळीच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, आम्ही एक खाच ठेवतो. वरच्या ओठाच्या आत एक शीर असते, ती दाबली जाऊ नये म्हणून. प्रत्येक कारागिराची खाच वेगळी. माझी पसरट होते. दादाची अरुंद, किंचित डावीकडं कललेली, आणि तोंडाशी गोल घासलेली. बोटाला ओठ नसतो, शीर नसते, खाचेची गरज नसते. तरी त्या गुलाबी अंगठ्याच्या कडेला मधोमध एक खाच होती. अरुंद. डावीकडं कललेली. हाताला जे वळण लागलं ते लागलं. मावशीचा अंगठा चोरतानाही त्याचा हात ओठाची काळजी घेऊन गेला होता.

मी मोरीत जाऊन ओकले.

दादा आला तेव्हा अंगठा टेबलावर होता. तो जरासा थबकला. मग हात धुतले, जेवणाचा डबा उघडला आणि म्हणाला, "पाण्यात ठेव तो. सुकला तर आकसेल."

"कुणाचा आहे?"

"कळलंय ना तुला? मग विचारतेस कशाला."

"घर तिचं आहे, दादा."

"आणि तिच्यानंतर कुणाचं? आपलंच ना? मी काय परक्याच्या घरात शिरलो? माझ्याच मावशीचा अंगठा. तुझा वाटा तुला दिला असता."

माझा वाटा. जणू अंगठा कापून दोघांत वाटायचा होता.

"तिला वाटतंय, तिचं डोकं गेलं."

"वय झालंय तिचं. आज ना उद्या विसरणारच होती."

"आणि केळी?"

"कसली केळी?"

"येताना तिनं केळी घेतली म्हणालास."

तो घास चावत होता. चावून झाल्यावर बोलला, तेही प्लॅस्टरमध्ये पाणी किती घालायचं हे सांगावं तसं. "असं काहीतरी बारीकसारीक घातलं की माणसाला पटतं."

मग त्यानं खरकटा हात पुसला, तो अंगठा चिमटीत उचलला, त्यावर फुंकर मारली आणि उजेडात धरला. "पण काम बघ. रेष न् रेष उतरलीय. दुसऱ्या कुणाला जमलं असतं का, सांग."

त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. चोरी पकडली गेल्याची लाज नाही, भीती नाही. काम चांगलं झाल्याचं कौतुक. झोळीत माझ्या शेजारी निजलेलं ते हेच माणूस. मला माझ्या अंगाचीच शिसारी आली, त्या बाजूच्या अंगाची.

मी त्याच्या हातातून अंगठा घेतला, ओल्या कापसात गुंडाळला आणि निघाले.

"तू तिला सांगणार नाहीस," तो मागून म्हणाला. "ऐकून मरेल ती."

मावशी खिडकीशी बसून बिस्कीट चावत होती. मी कापूस उलगडून अंगठा तिच्या तळहातावर ठेवला आणि जे होतं ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. तिनं तो आपल्या अंगठ्याशेजारी धरला. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. जुळ्यांकडे बघावं तसं.

"कवळी बसवायला आले होते ना, त्या दिवशी," ती हळूहळू म्हणाली. "म्हणाला, मावशी, वाडग्यातलं हे घट्ट झालंय का बघ बरं अंगठ्यानं दाबून. मी म्हटलं, लहानपणी तू माझी कणीक अशीच दाबून बघायचास. हसला. मी दाबला अंगठा. निळा शर्ट होता त्याच्या अंगात, एक गुंडी तुटलेली. म्हटलं, दे, लावून देते."

"बघ. सगळं आठवतंय तुला."

"म्हणजे मी त्या एजंटकडे गेले नव्हते."

"नाही."

"केळी घेतली नव्हती."

"नाही गं मावशी."

"मला केळी आवडतच नाहीत," ती म्हणाली. "तेव्हापासून मला तेच कळेना. बाकी सगळं विसरले असेन, पण मी केळी घेतली कशाला?"

आणि ती हसली. खूप दिवसांनी, पोटातून. हसता हसता तिचा चेहरा बदलला. घासात केस यावा तसं तोंड झालं. जीभ आतल्या आत दातांवरून फिरत होती, हे मला गालावरून दिसत होतं.

"ही त्याच्याच हातची ना?"

"हो."

ती उठली, बेसिनपाशी गेली, दोन्ही कवळ्या काढल्या, कधी नव्हे इतकी खळखळून चूळ भरली. परत येऊन कवळ्या अंगठ्याच्या शेजारी ठेवल्या. तिचे गाल आत गेले होते. एका चुळीत दहा वर्षं वाढली होती.

"एवढे दिवस त्याचा हात तोंडात घेऊन फिरत होते," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "शी."

मग दुसरीकडे बघत म्हणाली, "पण मीच विसरले असं म्हणू या का? म्हातारी विसरली की कुणी तुरुंगात जात नाही."

"मग तुला जन्मभर गॅस बघत बसावं लागेल," मी म्हटलं. "आणि दुसऱ्यांदा अंगठा लागला की गॅसही तुझा नाही आणि ओटाही नाही."

तिनं चपला घातल्या.

खिडकीत तोच कारकून. मी सांगायला लागले, तर त्यानं मान वर न करता हात हलवला. "ताई, यांनीच दिली असेल संमती. या वयात विसरायला होतं. आमच्या घरीपण तेच आहे."

मावशीनं मला कोपरानं मागं सारलं आणि तो गुलाबी अंगठा त्याच्या समोर ठेवला.

कारकुनानं खुर्ची मागं घेतली. "हे काय आहे?"

"दुसऱ्याचा लागत नाही म्हणाला होतात ना," मावशी म्हणाली. "हा लागला."

मग मात्र तो सावरून बसला. पडद्यावर बघितलं तर मावशीच्या नावापुढं फोन नंबर दादाचा. तिला विचारणा करणारा प्रत्येक निरोप त्याच्या खिशात वाजत होता. कारकुनानं नंबर बदलून मावशीचा घातला. संमती थांबवली. "आता अंगठ्याला कुलूप लावून देतो," तो म्हणाला. "तुमच्या फोनवर आकडा येईल. तो आकडा टाकल्याशिवाय कुठल्याच मशीनवर हा अंगठा चालायचा नाही. आकडा कुणाला सांगायचा नाही, आजी. घरच्यांनाही नाही."

"घरच्यांना तर नाहीच," मावशी म्हणाली. "किल्ली मी कमरेला लावते."

"तक्रार करायची तर नाव लागेल. कुणावर संशय आहे?"

मावशीचे ओठ आत ओढलेले होते. दात नसलेल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हता, म्हणून तिनं सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढून सांगितलं.

"संशय कसला? माझा भाचा आहे तो."

आणि पूर्ण नाव सांगितलं. बारशाला तिनंच ठेवलेलं.

दादा त्या संध्याकाळीच आपली हत्यारं घेऊन गेला. त्याची फळी मी सोड्यानं घासली, बरण्या उकळल्या, तरी तिथल्या पाण्यात हात घालायला मन होईना. चौकशी सुरू आहे. बोलावणं येतं तेव्हा मी जाते, विचारतील ते सांगते. खाचेचंही सांगते.

मावशी भाताची पेज पिऊन राहिली. एक दिवस स्वतःच कारखान्यात येऊन खुर्चीवर बसली. "तुझ्या हातचे दात कर. जेवायला घाल मला."

मी वाडग्यात पूड घेतली, पाणी घातलं, घोटायला लागले. तोच गुलाबी लगदा, तोच वास. माझा हात थांबला. मावशीनं वाडग्यात वाकून बघितलं.

"घट्ट झालंय का बघू?" तिनं अंगठा पुढं केला.

"नको," मी म्हटलं, जरा जोरातच.

"चेष्टा करतेय गं. कुलूप आहे त्याला."

तिनं तोंड उघडलं. मी माप घेतलं. लगदा घट्ट होईपर्यंत तिच्या हनुवटीला हात देऊन उभी राहिले. साचा निघाल्यावर तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि खिडकीतून बाहेर बघत गुणगुणायला लागली.

काजं मी गुंफिली, गुंड्या लाविल्या ओळीत,

आणि थांबली. साचा माझ्या हातात तसाच राहिला. म्हटलं, खरंच विसरली का काय.

माझ्याकडे न बघताच तिला ते कळलं असावं.

"आठवतंय गं," ती म्हणाली. "म्हणवत नाही."