‘चुकलं-माकलं’ची विक्री

अल्बम काढून संयमला नफा हवा होता तो एकाच माणसाचा. हर्षल परत आला की भरून पावलं. पैसा, नाव, पुण्याचं बोलावणं आलंच, तर वरकमाईत धरायचं.

हर्षल त्याच्या रॉक बँडचा ड्रमवाला; वाशीमच्या वेशीवर बाप दौलतरावांचा भाजीमळा. दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या कार्यक्रमात त्याचा एक ठोका चुकला आणि संयम माइकवरच बोलून गेला, "ड्रमवाले काय, आमच्या बाजारात किलोनं मिळतात." पब्लिक हसलं. भाजीवाल्याच्या पोरानं कार्यक्रम शेवटपर्यंत वाजवला, ड्रम टेम्पोत चढवले आणि पुढे फोन उचलला नाही. बँड तिथंच संपला.

मग संयमनं एकट्यानंच अल्बम केला. कंपनी नाही, साथीला कोणी नाही. वडील माणिकचंदांच्या कापडदुकानाच्या वरच्या खोलीत, ताग्यांच्या थप्प्यांमध्ये बसून तो ओरडत असे. कापड आवाज पिऊन टाकतं, खाली गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. ड्रम कॉम्प्युटरचे. त्यांचा ठोका कधीच चुकत नसे, म्हणूनच ते त्याला ऐकवत नसत. पहिल्याच गाण्यात अकोल्याची सगळी गोष्ट होती, स्वतःला घातलेल्या शिव्यांसकट. अल्बमचं नाव ‘चुकलं-माकलं’.

इथवर हिशेब बरोबर होता. घोळ झाला तारखेत. माफीचा अल्बम, म्हणून त्यानं तो क्षमावाणीच्या दिवशी काढला. पर्युषण संपलं की त्या दिवशी जैनांच्या घरचा प्रत्येक फोन वर्षभराच्या चुकांची माफी मागतो आणि माफी देतो. कोणी कोणाचं वाचत नाही. संयमनं मुखपृष्ठावर स्वतःचे जोडलेले हात टाकले, खाली लिंक दिली आणि चारशे जणांना पाठवून मोकळा झाला.

दुपारपर्यंत तीनशे चाळीस ‘उत्तम क्षमा’ जमा. कंचनबाई काकूंनी तर लिहिलं, बाळा, तुझं कुठे काय चुकलं? अहो, हा अल्बम आहे, असं त्यानं पुन्हा कळवलं. त्यावरही जोडलेले हातच आले. खालच्या गल्ल्यावरून वडिलांनी गुलाबाचं चित्र पाठवून पोराला क्षमा केली.

आणि साडेबाराला: ‘उत्तम क्षमा. हर्षल व परिवार.’ दोन वर्षांतला पहिला शब्द. संयमनं गाडी काढली ती थेट मळ्यात.

हर्षल सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता. त्यानं बसायला पोतं सरकवलं, घरच्यांची खुशाली विचारली.

"ऐकलं काय?" संयम म्हणाला.

"काय?"

"अल्बम. पहिलं गाणं तुह्यावरच हाय."

हर्षलनं जुडीला गाठ मारली. "मले वाटलं, तू माफी मागून राह्यला. जैन गिऱ्हाइकाईले पाठवतो, तेच तुलेबी पाठवलं."

"मंग आता ऐक न."

"माफ केलं न भाऊ. आता कायले ऐकू? ऐकलं तं पुन्हा राग येईन."

वाजवायला परत येतो का, हे संयमच्या ओठावर होतं. पण ज्यानं खातं मिटवलं, त्याच्याकडे तगादा कोणत्या तोंडानं लावायचा? भांडण होतं तोवर निदान काही बाकी तरी होतं. तो थोडा वेळ जुड्या मोजत बसला आणि उठला.

महिनाअखेरचा आढावा असा: क्षमा केली तीनशे एकेचाळीस जणांनी, सगळ्यांनी फुकट. अल्बम विकला गेला एक. साइटवर पैसे नीट कापले जातात का, हे पाहायला तो संयमनंच घेतला होता. दीडशे रुपये भरले. तेवीस साइटनं ठेवून घेतले, बाकीचे त्याचे त्यालाच मिळाले.