मागच्या सीटचा मान

माणसाची किंमत किलोत होत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. सांगणारे बहुधा सडपातळ असावेत. छोटू ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होता, आणि त्याचं हे टोपणनाव ठेवणाऱ्यांना विनोदाची जाण होती, एवढं त्याच्या आकाराबद्दल पुरे.

बहिणीच्या घरी त्याला ताट मिळे, गाडी मिळत नसे. "तू बसने ये रे," दाजी म्हणत, "आमचे शॉकअप बसतील." छोटू हसण्यावारी नेई. तेवढाच त्याला व्यायाम होता.

त्याच दाजींना पुढे गाडी बुटकी करायची, म्हणजे रस्त्यालगत खाली बसवायची, हुक्की आली. शहरात बुटक्या गाड्यांचं मंडळ होतं. मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अध्यक्षांची दोन बोटं शिरली नाहीत, तरच सभासदत्व. दाजींच्या गाडीत अध्यक्षांचा अख्खा पंजा गेला असता.

गॅरेजात छोटूला नेलं ते जुनी बॅटरी उचलायला. मेकॅनिक दाजींना उपाय सांगत होता. "स्प्रिंग कापून देतो, सगळ्यात स्वस्त. पण खड्ड्यात गाडी उडाली की स्प्रिंग जागेवरून सुटेल. तापवून बसवता येते, पण मग ती स्प्रिंग राहत नाही, नुसतं वेटोळं राहतं. सरळ काम म्हणजे आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप."

सरळ कामाचा भाव ऐकून दाजींचा चेहराच बसला. एवढ्यात दमलेला छोटू मागच्या सीटवर टेकला. मेकॅनिकने चाकाकडे पाहिलं, छोटूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फुकटचा उपाय तुमच्या घरातच आहे की, साहेब. डिक्कीत गोण्या टाकल्या तर मंडळवाले पकडतात. माणसाला कोण उतरवतंय?"

छोटूला हे ऐकू गेलं नाही. दाजी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे मायेने बघतायत, एवढंच त्याला दिसलं.

त्या दिवसापासून दाजी स्वतः त्याला घ्यायला येऊ लागले. "मागे बस, ऐसपैस. पाहुण्यासारखा लाजू नकोस." ताई ताटात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढू लागली. मंडळाच्या लोकांशी दाजींनी ओळख करून दिली : "हा माझा मेहुणा. याच्याशिवाय मी कुठे जात नाही." हे वाक्य छोटूने काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवलं. काहींना दोनदा.

प्रेमाने माणूस बिघडतो. एवढा देवमाणूस, आणि आपण त्याच्या शॉकअपवर बसतो, हे छोटूच्या मनाला लागलं. ताईकडे जेवण झालं की तो दुसऱ्या दिवशी उपास काढू लागला, कामावर चालत जाऊ लागला. सकाळी ट्रक यायच्या आत काट्यावर उभा राही. ट्रकच्या काट्याला पाच-सात किलो कळतच नाहीत, त्यामुळे काट्यावर फरक दिसेपर्यंत तो कमी होत राहिला. दाजींना सुखद धक्का द्यायचा म्हणून शर्ट जुनेच ढगळ घातले. दाजींची नजर तशीही चाकावरच असे.

तपासणीच्या दिवशी अध्यक्ष उकिडवे बसले. बोटं आत गेली. आत गेल्यावर त्यांनी ती जरा हलवूनही दाखवली. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

दाजींनी मागचं दार उघडलं. "बारीक झालायस तू?"

"तुमच्यासाठीच, दाजी. शॉकअपना त्रास नको म्हणून."

"मग इतके दिवस तुला खायला कशाला घातलं?"

पुढच्या सीटवरून ताई मागे वळलीही नाही. "नुसतं बसायचं होतं रे तुला," ती म्हणाली. "तेवढंही जमू नये?"

छोटू खाली उतरला. त्याबरोबर गाडीचा मागचा भाग सावकाश वर आला. मंडळातलं कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक म्हणजे माल, ही वजाबाकी छोटू पोटासाठी रोज करायचा. गाडीची ही वजाबाकी त्याने पुन्हा तपासून पाहिली नाही.

परतीच्या वाटेवर दाजींनी त्याला बसस्टॉपवर उतरवलं. पुढे रस्ता खराब होता आणि शॉकअप जपायला हवे होते.