काट्यांची खांदमळणी

मित्रांनो, जालन्यातल्या एका बियाण्याच्या गोदामात मागच्या भिंतीला टेकून एक पिवळी गाडी उभी आहे. तीच मी, जुनी फोर्कलिफ्ट. पुढे दोन लोखंडी काटे, पोटात बॅटरी आणि अंग असं चिंचोळं, की उंच मांडण्यांमधल्या बोळातून सहज जावं.

चौऱ्याहत्तर साली मी इथे आले. पोत्यांनी भरलेली लाकडी फळी काट्यांवर घ्यायची नि छताजवळ नेऊन ठेवायची, हे माझं काम. सगळे वाहवा करायचे. पण मी बोळात शिरले की दुसऱ्या कुणाला तिथे पाय ठेवायची मुभा नसे. कौतुक बोळाच्या तोंडाशीच थांबायचं. आत दोन्ही अंगांना मुकी पोती.

सोबत एकच, माझा चालक पुंजाराम. हसनाबादचा, पूर्वीचा गाडीवान. मला तो सर्जा म्हणायचा नि गुणगुणायचा,

"चिंचोळ्या वाटंला दोही अंगानं धान,
हळू चाल रं सर्जा, वर उचल मान."

बियाणं निवडणाऱ्या सगुणाबाई हसायच्या, "पुंजाभाऊ, बैलाला पाणी पाजलं का न्हाई?"

"सकाळीच पाजलं की!" तो म्हणायचा. आणि खरंच, बॅटरीत बाटलीतलं शुद्ध पाणी बराबर भरायचा.

पोळा आला. आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. पुंजारामचे बैल कधीच गेले होते. त्यानं घरून वाटी आणली आणि माझे काटेच मळले. "लई वझं उचलतोस रं," म्हणाला. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

सकाळी वळणावर ब्रेक लागला, आणि भरलेली फळी लोण्यावरून घसरली. ज्वारीचं बियाणं बोळभर सांडलं. आत कुणी नव्हतं, म्हणून जीव वाचले.

मुकादम साहेबराव कडाडले, "अरे, ही गाडी हे, बैल न्हाई!"

"बैलावानीच राबती, मालक. राहवलं न्हाई."

"मंग फाटकावर बस. गाडीला हात लावायचा न्हाई."

नवा चालक वसंता जल्दी जल्दी काम उरकी, पण माझ्या पोटातलं पाणी कधी पाहत नसे. ते आटत गेलं. एक दिवस मी बोळातच थांबले. मला ढकलत भिंतीशी आणलं, आणि मग सारे विसरले. लांब फाटकावरून पुंजाराम तेवढा बघायचा.

काल पुन्हा खांदमळणीची सांज होती. पुंजाराम वाटी घेऊन आत आला. मागोमाग साहेबराव.

"पुन्हा लोणी?"

"न्हाई मालक, बाटलीतलं पाणी हे. आता समजलं. ह्याचा खांदा पोटात हे."

साहेबराव वाटीत डोकावले नि म्हणाले, "पाज. चालली, तर तुझीच."

पुंजारामनं कोरड्या फडक्यानं काटे लख्ख पुसले, झाकण उघडलं, हळूहळू पाणी ओतलं नि चार्जिंगची वायर जोडली.

मित्रांनो, मी जागी होईन की नाही, मला ठाऊक नाही. पण राबणाऱ्याला जीव लावाल, तेव्हा त्याची तहान कुठे आहे तेही बघा. पुंजाराम आज फाटकावर गेलेला नाही. माझ्या टपावर हात ठेवून तो दिवा लागायची वाट बघतो आहे.