दोन दांड्यांचं विमान

भगवानकाकांनी हवाई दलात वीस वर्षं शिकाऊ विमानांची दुरुस्ती केली. १९८७ साली ते झरीला परत आले आणि आल्या आल्या गोठ्यातली म्हैस बाहेर बांधून आत विमान उभं केलं. विमान म्हणजे मोडक्या बैलगाडीचा आख, त्यावर झुलती फळी, फळीवर एकामागे एक दोन खुर्च्या आणि दोन्हींच्या पुढ्यात एकेक दांडा. दोन्ही दांडे सळईनं जोडलेले. पुढच्या शिकाऊनं चुकवलं की मागून काका सावरणार. गाव आधी पोट धरधरून हसलं, मग लोकांनी आपापली पोरं मुकाट्यानं शिकायला पाठवली.

कारण काका ग्लायडिंगच्या, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायच्या, शिबिराला एक नाव पाठवणार होते. एकच.

मी रोज दारात उभी राहून बघायचे. बारावीला गणितात तालुक्यात पहिली आलेली मी, आणि मला काम काय, तर पोरांना पाणी द्यायचं. लय चीड यायची. आजही येते.

शिकताना एका ठिकाणी सगळी पोरं फसायची. "वेग सरला!" असं ओरडून काका फळीचं नाक खाली सोडायचे. तेव्हा दांडा पुढं ढकलायचा असतो, म्हणजे विमान पुन्हा वेग घेतं. पोरं मात्र दातओठ खाऊन दांडा पोटाशी ओढायची. बैल हाकणारे हात ते. गाडी उताराला लागली की कासरा ओढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. पाटलाचा रंगनाथ तर दांडा ओढताना "होऽ, होऽ" सुद्धा म्हणायचा.

एका सकाळी तो पाचव्यांदा फसून खाली उतरला, तशी मी घागर खाली ठेवली आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका, मला शिकवा."

"पंचफुला, हे पोरीचं काम हाय का?" रंगनाथ म्हणाला.

"तुझं तरी कुठं दिसायलंय?"

काकांनी नाक खाली सोडलं. मी दांडा पुढं ढकलला. पुन्हा सोडलं, पुन्हा ढकलला. दहा वेळा. आमच्यात बाईनं कासरा धरायचा नाही, त्यामुळे ओढायची सवय मला लागलीच नव्हती. ज्यांनी मला कधी गाडी हाकू दिली नाही, त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

काकांनी तिथंच अर्जावर माझं नाव लिहिलं. पालकाची सही तेवढी राहिली. वडील वारलेले, म्हणून अर्ज थोरल्या चुलत्यांकडे, किशनतात्यांकडे नेला. त्यांनी वाचून घडी घातली.

"सोयरीक बघायलोय तुझी. आभाळात फिरलेली पोर कोन करून घेईल? म्या सही करनार न्हाई."

"मग अर्ज द्या माझा."

"काय करशील घिऊन? घरात दुसरा पालक हाय का?"

चुलीपुढून आई उठली. दिरापुढं तिनं उभ्या जन्मात मान वर केली नव्हती. तिनं पदर सारखा केला, त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला, तव्याच्या बुडाला अंगठा घासला आणि पालकाच्या रकान्यात दाबला.

"भावजी, हिला नऊ म्हैने पोटात म्या वागवलं. पालक तुमी कवा झालात?"

आईनं कागद माझ्या हातात दिला.

"आता हुबी काय राहिलीस? यष्टी कितीची हाय, बघून ये."