सहीचा मान

हिंदी राज्यात येणाऱ्या आमच्या जसोंडीची सरपंच माझी धाकटी जाऊ तृप्ती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जागा बाईसाठी राखीव, म्हणून ती उभी राहिली, निवडून आली. आणि खुर्चीत बसला तिचा नवरा, माझे दीर योगेंद्रभाऊजी. गाव त्यांनाच सरपंचसाहेब म्हणतं. तृप्तीनं डोक्यावर पदर घेऊन सही करायची. त्या दिवशी तर भाऊजींनी पोळपाटाशेजारीच पंचायतीचे कोरे लेटरपॅड ठेवले. तिनं पिठाचे हात पुसले आणि सह्या केल्या. मला संताप आला, पण नवरा-बायकोच्या मधे बोलणारी मी कोण?

दुपारी पाहुणे आले. कॅरिबियन समुद्रातल्या एका इवल्याशा बेटाचे माजी राष्ट्रपती, रिचर्ड कौतिक. त्यांचे पणजोबा कौतिक इथूनच उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले होते. तिकडच्या साहेबानं त्यांचं नावच आडनाव म्हणून लिहून टाकलं. आमच्याकडे कामाला असलेल्या उखर्डूनं त्यांच्यासाठी केळीचा घड आणला. म्हातारा केळं खाताना रडला. त्यांच्या बेटावरही केळीच्याच बागा.

"नाम इनका है साब, काम हम देखते हैं," भाऊजी मिशीत हसत म्हणाले.

तृप्ती बी.ए. झालेली. तिनं ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणे तिच्याकडे बघतच राहिले. "मग तुझी-माझी नोकरी एकच," ते म्हणाले.

मग ते आपली हकीकत सांगू लागले आणि तृप्ती ती आम्हाला मराठीत सांगू लागली. आधी मास्तर, मग न्यायाधीश, मग राष्ट्रपती. पांढरा बंगला, बँड, सलामी. राज्य मात्र पंतप्रधानांचं. कागद यायचा, यांनी सही करायची. एकदा बंदरावर संप झाला आणि सैन्य पाठवायचा कागद आला. यांनी न वाचताच सही केली. गोळीबारात माणसं मेली. चौकशी बसली तेव्हा पंतप्रधान म्हणाले, आदेश राष्ट्रपतींचा होता.

"शिक्षा झाली नाही मला," म्हातारा म्हणाला. "पण बंदराच्या रस्त्यानं मी अजून जात नाही. मेलेल्यांच्या आया तिथंच राहतात."

पाहुणे गेल्यावर तृप्तीनं पहिल्यांदाच नवऱ्यापुढे तोंड उघडलं. "अहो, ते कोरे कागद परत द्या."

"म्हाताऱ्यानं दिमाग खराब केला का तुझा?" भाऊजी हसले. "टेन्शन नको घेऊ, कल देतो ना."

दिवस मावळता तापीकडून पोकलेनचा आवाज यायला लागला. काठाची माती कोणीतरी खोदत होतं. तृप्तीचं लाटणं थांबलं.

"ताई, मी सही कशावर केली?"

त्या दिवसापासून रोज तो आवाज यायचा, रोज ती कागद मागायची आणि रोज भाऊजी उद्यावर ढकलायचे. उखर्डूही तिथंच मजुरीला जाऊ लागला; पैसे जास्त मिळतात म्हणाला.

आठवडाभरात काठ ढासळला. उखर्डूला मातीखालून काढलं तेव्हा तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची जीप अंगणात उभी राहिली. जीपमधून उतरलेल्या साहेबांच्या हातात पंचायतीच्या लेटरपॅडवरचा, खोदकामाच्या परवानगीचा कागद होता.

"सरपंच कौन है?"

भाऊजी खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत ती खुर्ची त्यांनी पहिल्यांदाच बायकोसाठी मोकळी केली.

"सरपंच मॅडम ये हैं, साब," ते म्हणाले. "साइन भी इन्हीं का है."