‘बस’ म्हणायच्या आधी

मी धुडकू मिस्तरींचा पाईपपान्हा बोलतोय. जबड्याचे दोन दात झिजलेत, बाकी धडधाकट आहे. पण आज माझा जीव मुठीत आहे, आणि ती मूठही मिस्तरींची नाही.

चोवीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हातात काढली. आमचं घर नवागामला, कामं कतारगामच्या जुन्या घरांत, जिथे अजून लोखंडी पाईप आहेत. दिवाळीनंतर मिस्तरींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात नाही. मला धरणारा मिळाला नाही तर त्यांची चूल थंड आणि मी भंगारात, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शिकायला दोघे आले. पहिला आठ दिवसांत हिऱ्याच्या कारखान्यात गेला. दुसऱ्याला प्लास्टिकचे पाईप चिकटवायचे होते, माझं वजन नको होतं. माणसांना हलकं काम फार लवकर आवडतं.

मग शेजारचा किसन दारात आला. वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात कान गेले, म्हणून मालकाने घरी बसवलेला. म्हणाला, “भाऊ, माले काम द्या. कान ग्यात, हात नही ग्यात.”

“अहो, त्याले ऐकू येस नही!” मिस्तरींच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, कपाळावर हात मारला.

मिस्तरींनी तरीही मला किसनच्या हाती दिलं. त्याची पकड अशी घट्ट, की मला बऱ्याच दिवसांनी हायसं वाटलं. मिस्तरींच्या डोळ्यांत पाणी आलं. निवड झाली.

पण आमच्या धंद्यात शिकाऊ आवळतो आणि उस्ताद नेमक्या क्षणी म्हणतो, “बस.” जुन्या लोखंडाला त्यापुढे एक पीळही सोसत नाही. मिस्तरी सवयीने तसंच शिकवायला गेले.

परवा कतारगामला एका शेठच्या घरी किसन स्वयंपाकाच्या ओट्याखाली शिरला. जागा एकाच माणसाची. बाहेरून मिस्तरी ओरडले, “बस! किसन, बस!” किसन आवळतच राहिला. पाईपच्या वळणावरचा एल्बो तडकला आणि शेठच्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं.

“मिस्त्री, आ बहेराने क्यांथी लाव्या?” हा बहिरा कुठून आणला, म्हणून शेठ कडाडले. एक दिवसाची मुदत दिली. नाहीतर त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

काल दिवसभर अंगणात सराव चालला. मिस्तरींनी डाव्या हाताने किसनचा तळवा माझ्या दांड्यावर दाबून धरला. लोखंड तडकायच्या आधी माझ्या अंगातून बारीक थरथर जाते, ती त्याला कळावी म्हणून. किसनने मान हलवली. “लूमवर दोरा तुटाना पहिले हातले समजे.” दोनदा तो बरोबर थांबला. तिसऱ्यांदा तडकलं. सरावाला पाईप उरला नाही. मिस्तरी पायरीवर बसून हमसून हमसून रडले. एवढं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता मी त्याच ओट्याखाली, नव्या एल्बोवर आहे. मिस्तरी बाहेर उभे आहेत. ‘बस’ त्यांच्या ओठांवर आलंय. बोलून उपयोग नाही.

एक पीळ बसला. दुसराही बसला.

किसनदादा, मला आवाज नाही, तुला कान नाहीत. सगळं घर तुझ्या तळव्यावर आहे. मी थरथरतोय रे. थांब.